सॅकसह राजधानी: नाशिकरोडहून हिमालयाच्या ट्रेकला निघताना

नाशिकहून हिमालयात ट्रेकला जायचं ठरलं की गटात पहिली चर्चा होते ती कोणती गाडी दिल्लीला लवकर पोचवते याची. खरं तर गाडी दिल्लीत कोणत्या वेळी उतरवते ते आधी बघावं, प्रवासाचे तास नंतर मोजावेत. ट्रेकचा पहिला दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा दिल्लीतल्या जोडणीमुळे. गाडी तीन तास उशिरा येते, पुढची बस सुटलेली असते, पायथ्याच्या गावाकडे सकाळी निघणारी जीप हुकते आणि चढाईआधीच राखीव दिवस संपून जातो.

या मापाने मोजलं तर नाशिककरांसाठी २२२२१ मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी ही सगळ्यात भरवशाची गाडी आहे. ती स्वस्त नाही आणि साठ लिटरची सॅक ठेवायला फारशी सोयीचीही नाही. पण सकाळी दहाच्या सुमारास ती दिल्लीत सोडते आणि पूर्ण दिवस हातात देते. डोंगराकडे जाणाऱ्या बहुतेक बस आणि गाड्या दुपारनंतर किंवा रात्री सुटतात, त्यामुळे ही गाडी दोन-तीन तास रखडली तरी पुढचं गणित कोलमडत नाही.

ही राजधानी १९ जानेवारी २०१९ ला सुरू झाली. मुंबईच्या जुन्या राजधान्या सुरत-बडोद्याकडून जातात. ही कल्याण, नाशिकरोड, जळगाव, भोपाळ, झाशी, आग्रा अशी मध्य रेल्वेच्या मार्गाने जाते. मुंबईहून दुपारी चारला सुटते आणि नाशिकरोडला सातच्या आगेमागे येते. वेळापत्रकात अधूनमधून दहा-पंधरा मिनिटांचा फेरफार होतो, म्हणून निघायच्या दिवशी रेल्वेच्या अॅपवर वेळ तपासून घ्यावी.

नाशिकरोडला ती वेळेवर येते याला कारण आहे. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात चढ ३७ ला १ असा आहे. नेहमीच्या गाड्यांना तिथे मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात, मग वर आल्यावर ती सोडवावी लागतात. राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन असल्याने तो वेळ वाचतो. शिवाय मुंबईहून निघून तिला जेमतेम तीन तास झालेले असतात, उशीर साठायला वावच नसतो. आधीच्या दिवशी केरळातून निघालेल्या मंगला एक्सप्रेससारख्या गाडीबद्दल असं म्हणता येत नाही.

स्थानकावर पोचणं

सातची गाडी म्हणजे नाशिकमधल्या गर्दीची ऐन वेळ. सीबीएसपासून (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर असलं तरी द्वारका चौकात संध्याकाळी किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. सिडको, सातपूर किंवा गंगापूर रोडवरून निघणाऱ्यांनी दीड तास हाताशी ठेवावा. शेअर रिक्षात सॅक मांडीवर घेऊन बसता येत नाही आणि चालक एका माणसाच्या जागेत सॅक बसवून देत नाही. दोघांनी मिळून अख्खी रिक्षा करणं परवडतं. गाडी घेऊन कोणी सोडायला येणार असेल तर बिटकोच्या गर्दीत शिरण्याऐवजी सिन्नर फाट्याच्या बाजूच्या प्रवेशद्वाराचाही विचार करावा.

थांबा दोन-तीन मिनिटांचा. आठ जणांचा गट आठ सॅक घेऊन एकाच दारातून चढायला गेला तर शेवटचा माणूस चालत्या गाडीत चढतो. आपला डबा कुठे लागणार ते फलाटावरच्या फलकावर किंवा अॅपवर पाहून तिथेच उभं राहावं. दोघांनी आधी रिकाम्या हाताने चढायचं, बाकीच्यांनी सॅक आत द्यायच्या आणि मग चढायचं. सॅक पाठीवर ठेवून चढू नये: दारातच वळताना मागच्याच्या तोंडावर आपटते आणि बाजूला अडकवलेली बाटली किंवा काठी दांड्यात गुंतते.

एक वेगळी सूचना २०२७ साठी. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाची मुख्य स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ ला आहेत. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा हंगाम नेमका याच आठवड्यांत भरात असतो. त्या तारखांच्या आसपास नाशिकरोडहून निघायचं टाळावं, नाहीतर गाडी मनमाडहून धरायची तयारी ठेवावी. त्याच वर्षी पहिल्या काही महिन्यांत हरिद्वारलाही अर्धकुंभ आहे, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हरिद्वारमार्गे जाणाऱ्यांना दुसऱ्या टोकालाही गर्दी.

तिकीट

राजधानीत स्लीपर नाही. सगळे डबे वातानुकूलित आणि भाडं चढतं. २०१६ पासून या गाड्यांना लवचिक भाडं लागू आहे: दर दहा टक्के बर्थ भरले की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. प्रथम वर्ग वातानुकूलित त्यातून वगळलेला आहे. म्हणून ‘बघू, पुढच्या आठवड्यात काढू’ म्हणणाऱ्याला तोच थ्री-एसीचा बर्थ बराच महाग पडतो. आरक्षण उघडतं त्या दिवशीच तिकीट काढण्यात खरा फायदा आहे.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांवर आलं आहे, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. १० मे ला निघायचं असेल तर खिडकी ११ मार्चला सकाळी आठला उघडते. सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळलाही हीच अट आहे. गटातल्या किमान दोघांची खाती आधीच आधारशी जोडलेली असावीत. आठ वाजता ओटीपी न येणं ही सगळ्यात नेहमीची अडचण असते आणि तेव्हा दुसरं खातं कामाला येतं.

एका बारकाव्याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. साठ दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्थानकावरून निघते त्या तारखेपासून. राजधानी आणि पंजाब मेल (दिल्लीची दुसरी गाडी, तिच्याबद्दल पुढे) मुंबईहून निघून त्याच दिवशी नाशिकरोडला येतात, म्हणून फरक पडत नाही. मंगला एर्नाकुलमहून निघते आणि दुसऱ्या दिवशी नाशिकरोडला येते. त्यामुळे १० मे ला नाशिकरोडहून मंगला पकडायची असेल तर गाडीची तारीख ९ मे धरायची: आरक्षण १० मार्चला उघडतं आणि गाडीच्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडणारं तत्काळ ८ मे ला. तत्काळची वेळ वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा, स्लीपरसाठी अकरा. ९ मे ला सकाळी दहाला मंगलाचं तत्काळ काढायला बसलेल्याला रिकाम्या हाताने उठावं लागतं.

प्रतीक्षायादीचे प्रकारही पाहून घ्यावेत. मधल्या स्थानकांच्या कोट्यातली वेटिंग मूळ स्थानकाच्या सर्वसाधारण वेटिंगपेक्षा कमी सरकते. नाशिकरोडहून जागा दिसत नसेल तर मुंबई किंवा कल्याणहून तिकीट काढून चढायचं स्थानक नाशिकरोड करता येतं. हा बदल चार्ट लागायच्या आधी आणि शक्यतो आदल्या दिवशीच करावा. बदल केला नाही तर टीसीला कल्याणला तुमचा बर्थ रिकामा दिसतो आणि तो दुसऱ्याला जाऊ शकतो. भाडं मात्र मुंबईपासूनचंच बसतं. दुपारनंतर सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आता किमान दहा तास आधी लागतो, म्हणजे राजधानीचा निकाल सकाळीच कळतो आणि पर्यायी गाडी बघायला दिवस मिळतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतर पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत चढता येत नाही.

मंगला आणि पंजाब मेल

राजधानी परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर रोजच्या दोन गाड्या उरतात. १२६१७ मंगला लक्षद्वीप दुपारनंतर नाशिकरोडहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निजामुद्दीनला पोचते. १२१३७ पंजाब मेल रात्री अकराच्या आसपास येते आणि दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्लीला सोडते. कुर्ल्याहून थेट हरिद्वारला जाणारी वातानुकूलित गाडीही या मार्गाने जाते, पण ती आठवड्यातून मोजकेच दिवस असते. तारखा जुळल्या तर दिल्लीतली सगळी धावपळ वाचते, म्हणून आधी ती बघावी.

स्लीपरने जायचं असेल तर मे महिन्यात मंगला घ्यावी, पंजाब मेल टाळावी. पंजाब मेल भुसावळ रात्री ओलांडते आणि भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा हा सगळा तापलेला पट्टा भर दिवसा पार करते. खिडकीतून येणारी हवा भट्टीसारखी असते, माणूस दिवसभर घाम गाळतो आणि दिल्लीत उतरतो तेव्हा अंगातलं पाणी उतरलेलं असतं. त्याच अवस्थेत रात्रीच्या बसने दोन हजार मीटरवर गेलं की डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते. मग ती उंचीमुळे की उन्हामुळे हे कळत नाही आणि गटप्रमुखाला निर्णय घेणं अवघड जातं. मंगला खानदेश संध्याकाळी आणि मध्य प्रदेश रात्री पार करते, त्यामुळे तोच स्लीपर सुसह्य होतो. तरी ओआरएसची चार-पाच पाकिटं वरच्या कप्प्यात असू द्यावीत.

मंगलाची उणीव तिच्या मार्गात आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, वेग कमी ठेवलेला असतो आणि दरड आली की गाडी थांबते. नाशिकरोडलाच ती दोन तास उशिरा येऊ शकते. ऑगस्टच्या ट्रेकला मंगलाने जाताना दिल्लीतली पुढची गाडी रात्री दहाच्या आधीची धरू नये.

पंजाब मेलची अडचण तिच्या पोचण्याच्या वेळेत आहे. रात्री नवी दिल्लीत उतरल्यावर हिमाचलकडच्या बहुतेक बस निघून गेलेल्या असतात, रात्रीची गाडी धरायची तर तासाभराचा उशीरही महागात पडतो. मुक्काम करायचा तर स्लीपरमध्ये वाचवलेले पैसे पहाडगंजच्या खोलीत जातात. दिल्लीत मुक्काम ठरलेलाच असेल तर मात्र हीच गाडी चांगली: नाशिकमध्ये कामाचा पूर्ण दिवस संपवून निघता येतं.

नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्लीला विमान आहे आणि सुट्टी कमी असेल तर ते घ्यावं. पण स्वस्त तिकिटात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते. तंबू, स्लीपिंग बॅग आणि चार दिवसांचं अन्न भरलेली सॅक सहज त्याच्या वर जाते.

सॅक आणि बर्थ

नियमाने थ्री-एसी आणि स्लीपरमध्ये माणशी ४० किलो, टू-एसीमध्ये ५० किलो सामान विनामूल्य नेता येतं. ट्रेकरला वजनाची अडचण कधीच येत नाही, येते ती आकाराची. साठ लिटरची भरलेली सॅक सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर उंच आणि तीस सेंटिमीटर जाड होते. खालच्या बर्थखाली ती उभी मावत नाही, आडवीच सरकवावी लागते. तीही वरच्या झाकणाचा कप्पा गच्च भरलेला असेल तर अडते. त्यामुळे झाकणाच्या कप्प्यातलं सामान काढून छोट्या पिशवीत घ्यावं. रात्री लागणाऱ्या वस्तू त्याच पिशवीत असाव्यात म्हणजे सॅक पुन्हा ओढावी लागत नाही: ब्रश, औषधं, स्वेटर, पॉवर बँक, ओळखपत्र.

एका कूपेत समोरासमोरच्या दोन खालच्या बर्थखाली मिळून चार सॅक नीट बसतात, त्याही सहप्रवाशांच्या ट्रॉली बॅगा आधी आल्या नसतील तर. सहा जणांचा गट एकाच कूपेत असेल तर उरलेल्या दोन सॅक वरच्या बर्थवर पायाशी घ्याव्या लागतात. उंच माणसाने वरचा बर्थ घेऊ नये, सॅक पायाशी आली की पाय दुमडून रात्र काढावी लागते. तिकीट काढताना प्रत्येक दोन माणसांमागे एक खालचा बर्थ मागावा. बाजूचा वरचा बर्थ सॅकवाल्याच्या सगळ्यात गैरसोयीचा, कारण त्याच्या वाट्याची खालची जागा दुसऱ्याच्या ताब्यात असते.

सॅकचे पट्टे आणि कंबरपट्टा लोंबकळत ठेवू नयेत. बर्थखालच्या आधाराच्या पट्ट्यांत ते अडकतात आणि सकाळी घाईत ओढताना बकल तुटतं. ट्रेकच्या पहिल्याच दिवशी कंबरपट्ट्याचं बकल तुटणं म्हणजे पुढचे पाच दिवस सगळं वजन खांद्यांवर. धान्याच्या मोठ्या पोत्यात किंवा जाड कापडी खोळीत सॅक घालून तोंड बांधावं. सर्वात उत्तम म्हणजे चेनची, कुलूप लावता येणारी खोळ. तिचा दुसरा उपयोग दिल्लीत होतो: क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत आणि दोरीने तोंड आवळायच्या सॅकला कुलूप लागत नाही. खोळ घडी करून तीनशे-चारशे ग्रॅमची होते आणि पायथ्याच्या गावात ठेवून पुढे जाता येतं.

साखळी-कुलूप लावताना साखळी फक्त वरच्या उचलायच्या पट्ट्यातून घेऊ नये, तो पट्टा ब्लेडने एका क्षणात कापता येतो. पाठीच्या फ्रेमजवळून दोन्ही खांदेपट्ट्यांच्या मागून साखळी घेऊन बर्थखालच्या कडीत अडकवावी. ट्रेकिंगच्या काठ्या मिटवून सॅकच्या आत, टोकांना रबरी टोपण. बूट पायातच ठेवून प्रवास करणाऱ्यांनी रात्री ते खाली सोडू नयेत. चोरीपेक्षा सकाळी झाडूवाल्याने ते दुसऱ्याच कूपेत सरकवलेले असतात ही तक्रार जास्त ऐकू येते.

गॅस: इथे तडजोड नाही

स्टोव्ह नेता येतो, इंधन नाही. ब्युटेनचा लहान डबा, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, इंधनाच्या वड्या यांपैकी काहीही गाडीत चालत नाही, डबा सीलबंद असला तरी. रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ६७ यासाठी मनाई करतं आणि कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पैशांचा दंड लहान वाटतो म्हणून कुणी धोका पत्करू नये. बंद वातानुकूलित डब्यात गॅस गळला तर सत्तर-बहात्तर माणसं एकाच हवेत श्वास घेत असतात.

स्क्रूच्या तोंडाचे डबे डेहराडून, मनाली, लेह इथल्या ट्रेकिंग साहित्याच्या दुकानांत मिळतात. आपल्या स्टोव्हला कोणतं तोंड बसतं हे नाशिकमध्येच पाहून ठेवावं. लांबट डब्याला लागणारा अडॅप्टर तिथे मिळेलच असं नाही. हिशेब असा: बरी हवा आणि वाऱ्याचा आडोसा असेल तर एक लिटर पाणी उकळायला दहा-बारा ग्रॅम गॅस जातो, थंडीत पंधरा ग्रॅम धरावा. २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना तीन ते चार दिवस पुरतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर दुप्पट घ्यावा.

गाडीतलं खाणं राजधानीच्या तिकिटासोबत घेता येतं किंवा वगळता येतं. नाशिककरांच्या वाट्याला रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता येतो. जेवण पोटभर असतं, चव साधी. ज्यांना ट्रेकआधी पोट सांभाळायचं आहे त्यांनी भोजन वगळून घरच्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी, ती दुसऱ्या दिवशीच्या दिल्लीतल्या दुपारपर्यंत टिकते. चार्जिंगचं सगळं काम रात्री अकराच्या आत उरकावं. अकरा ते पाच या वेळात डब्यातले सॉकेट बंद ठेवण्याचा रेल्वेचा आदेश आहे आणि अनेक डब्यांत तो पाळला जातो. हेडटॉर्च आणि पॉवर बँक घरूनच पूर्ण भरून न्यावी.

निजामुद्दीनला उतरल्यावर

हजरत निजामुद्दीन हे ट्रेकरच्या सोयीचं स्थानक आहे, नवी दिल्लीपेक्षा कितीतरी. शेजारीच सराय काले खां बसस्थानक आणि मेट्रोची गुलाबी मार्गिका. कुठे जायचं यावर पुढची दिशा ठरते.

डेहराडूनसाठी नवी दिल्लीहून दुपारी साडेतीनच्या सुमारास जनशताब्दी किंवा आनंद विहारहून संध्याकाळची वंदे भारत. आनंद विहारला गुलाबी मार्गिका गाडी न बदलता नेते. दोन्ही गाड्या रात्री डेहराडूनला पोचवतात आणि हेच बरोबर आहे. उत्तराखंडच्या डोंगरी रस्त्यांवर रात्री प्रवासी वाहनं सोडत नाहीत, म्हणून दुपारी लवकर डेहराडूनला पोचून काही साधत नाही. सांकरीकडच्या बस पहाटे-सकाळी रेल्वे स्थानकाजवळूनच निघतात. अंतर सुमारे २०० किलोमीटर, वेळ नऊ-दहा तास. केदारकंठा आणि हर की दून दोन्हीसाठी हीच वाट. व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससाठी गोविंदघाटला जाणाऱ्यांनी ऋषिकेशला मुक्काम करून पहाटेची गाडी धरावी, तोही दहा-अकरा तासांचा प्रवास आहे. मे-जूनमध्ये चारधाम यात्रेमुळे ऋषिकेशहून ऐन वेळी जागा मिळणं कठीण.

कुमाऊँकडे, पिंडारीसारख्या ट्रेकला, जुन्या दिल्लीहून रात्री दहाच्या सुमारास निघणारी राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. राजधानी आणि राणीखेत यांच्यात बारा तासांची फट पडते. ती जास्त वाटते, पण नाशिकहून जाणाऱ्यांना याहून सुरक्षित जोडणी नाही. मंगला चार तास उशिरा आली तरीही ही गाडी सापडते.

मनालीसाठी काश्मिरी गेटचं बसस्थानक. गुलाबी मार्गिकेने लाजपत नगर, तिथून जांभळ्या मार्गिकेने थेट काश्मिरी गेट. बस संध्याकाळी निघतात आणि बारा-चौदा तास घेतात. हिमाचल परिवहनचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं, पण संध्याकाळी सहाच्या आधीची बस निवडू नये.

मेट्रोत एका नगाला २५ किलोची मर्यादा आहे आणि प्रत्येक सॅक स्कॅनरमधून जाते. स्टोव्ह, भांडी आणि चाकू स्कॅनरवर धातूचा एकच गोळा दिसतात, मग सॅक उघडायला लावतात. हे तिन्ही एकत्र, सगळ्यात वर ठेवावं. तिघे-चौघे असाल तर स्थानकावरच्या प्रीपेड बूथवरून टॅक्सी केली तरी मेट्रोच्या तुलनेत फार महाग पडत नाही आणि जिने वाचतात.

धुकं आणि जोडतिकीट

राजधानीवरचा सगळा विश्वास डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बाजूला ठेवावा लागतो. आग्रा-मथुरा-दिल्ली पट्ट्यात पहाटे धुकं दाटतं आणि ही गाडी नेमकी त्याच वेळी तिथे असते. चार-पाच तासांचा उशीर नवलाचा नाही. केदारकंठासारखे बर्फातले ट्रेक याच दिवसांत होतात, त्यामुळे नाशिकचे बरेच गट यात सापडतात. या दिवसांत दुपारच्या जनशताब्दीवर अवलंबून राहू नये. रात्रीची गाडी घ्यावी किंवा एक दिवस आधी निघावं.

दोन्ही प्रवास रेल्वेने असतील तर तिकीट काढताना दुसरं तिकीट पहिल्याच्या पीएनआरशी जोडून घ्यावं. प्रवाशांची नावं, वय, लिंग दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवीत आणि दोन्ही तिकिटं पक्की हवीत. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी उतरल्यावर तीन तासांच्या आत टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरावा लागतो, फलाटावर उतरल्याबरोबर हे काम आधी. बसला यातलं काहीच लागू नाही.

परतताना

परतीची राजधानी २२२२२ निजामुद्दीनहून संध्याकाळी पाचच्या आसपास निघते आणि सकाळी आठच्या सुमारास नाशिकरोडला येते. डेहराडून किंवा हरिद्वारहून त्याच दिवशी सकाळी निघून ती पकडता येते, पण पावसाळ्यात बद्रीनाथ मार्गावर दरडी येतात, तेव्हा मधे एक मोकळा दिवस ठेवावाच. ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची परतीची राजधानी काढणं ही नाशिकच्या गटांची सगळ्यात महागडी चूक असते, कारण चुकलेल्या गाडीचे पैसेही जातात आणि ऐन वेळी परतायला तत्काळशिवाय पर्याय उरत नाही.

ओला तंबू आणि मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून सॅकच्या तळाशी घालावेत. बंद डब्यात त्यांचा वास पंधरा तास सगळ्या कूपेला सोसावा लागतो. उरलेला गॅसचा डबा, अर्धा भरलेला असला तरी, पायथ्याच्या गावातच गाईडला किंवा वर निघालेल्या गटाला देऊन यावा. परतीच्या सामानाला पट्टी बांधताना उलट्या क्रमाने विचार करावा: नाशिकरोडला थांबा पुन्हा दोन-तीन मिनिटांचाच आहे आणि गाडी पुढे मुंबईला जाते, म्हणून निफाड मागे पडायच्या आत सॅक बर्थखालून काढून दाराजवळ आणलेल्या असाव्यात.